ठेंगू आणि ८७ पट मोठी धूळ

या, बसा टेबलाभोवती. फक्त रुळांना कुणी बोट लावायचं नाही. का लावायचं नाही, ते थोड्या वेळाने तुम्हीच मला सांगाल.

आजच्या गोष्टीचा नायक आहे ठेंगू. यार्डाच्या कोपऱ्यात ते बुटकं निळं इंजिन उभं आहे ना, तोच. शेजारच्या रुळावरून एक्सप्रेस धावली की तुम्ही टाळ्या पिटता. ठेंगूसाठी कुणी टाळ्या पिटत नाही. तो कधी गावाला जात नाही, त्याच्यामागे प्रवाशांचे डबे लागत नाहीत. त्याचा सगळा जन्म यार्डाच्या चार रुळांवर मागे-पुढे करण्यात जातो. पण रेल्वेतल्या जुन्या माणसाला विचारा. तो सांगेल की शंटिंगचं इंजिन अडलं की यार्ड अडतं, आणि यार्ड अडलं की ती दिमाखदार एक्सप्रेससुद्धा सिग्नलला ताटकळते.

शंटिंग म्हणजे डब्यांची लावालाव. मालगाडी येते, तिच्यात दहा ठिकाणच्या वाघिणी एकीमागे एक जोडलेल्या असतात. सिमेंटची वाघीण सिमेंटच्या धक्क्याला, तेलाची टाकी तेलाच्या साइडिंगला, म्हणजे बाजूच्या आडरुळाला, रिकाम्या वाघिणी तिसरीकडे. एक ओढायची, सांधा बदलून दुसऱ्या रुळावर वळायचं, एक ढकलायची, पुन्हा मागे यायचं. आपल्या रेल्वेत या कामासाठी डब्ल्यूडीएस-४ जातीची डिझेल इंजिनं होती. पश्चिम बंगालमधल्या चित्तरंजनच्या कारखान्यात ती घडली. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एस म्हणजे शंटिंग. एकाच चौकटीत घट्ट बसवलेली सहा चाकं, वेग बेताचा आणि अंगात जोर.

आपला ठेंगू मात्र चार चाकांचा, आणि खऱ्या इंजिनापेक्षा ८७ पट लहान. या मापाला जगभर एचओ म्हणतात. त्याच्या दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. त्याला ८७ ने गुणा बघू. १४३५ आणि वर थोडं, बरोबर? पुण्याची नि मुंबईची मेट्रो १४३५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवरच धावते. आपली लोकल आणि एक्सप्रेस धावते १६७६ मिलिमीटरवर. म्हणजे काटेकोर बोलायचं तर आपल्या भारतीय इंजिनासाठी टेबलावर सव्वाएकोणीस मिलिमीटरचे रूळ हवेत. तसे बाजारात सहज मिळत नाहीत, म्हणून आपण साडेसोळावर भागवतो. पण ८७ हा आकडा मात्र विसरू नका. आजच्या गोष्टीतला खरा जादूगार तोच आहे.

आता ठेंगूला कामाला लावू. ब्रिटनमधल्या अ‍ॅलन राइट नावाच्या एका हौशी गृहस्थांनी शंटिंगचं एक कोडं रचलं. तीन साइडिंग. एकीत पाच वाघिणी मावतात, बाकी दोघींत तीन-तीन. इंजिनाच्या बाजूच्या तुकड्यावर इंजिन आणि फक्त तीन वाघिणी उभ्या राहू शकतात. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्या पाच वाघिणी येतील त्या, ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने, लांब साइडिंगमध्ये लावायच्या. हाताने उचलायला बंदी. ऐकायला सोपं वाटतं ना? मग मोजा. पहिल्या जागी आठांतली कोणतीही येऊ शकते, दुसऱ्या जागी उरलेल्या सातांतली, मग सहा, पाच, चार. ८ × ७ × ६ × ५ × ४ म्हणजे ६७२० तऱ्हा. रोज एक सोडवली तरी अठरा वर्षं पुरेल एवढा खेळ दोन सांध्यांत आणि आठ वाघिणींत भरलेला आहे. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावच्या जॉन अ‍ॅलन यांनी १९७२ साली याहून चिवट, पाच सांध्यांचं ‘टाइमसेव्हर’ नावाचं कोडं प्रसिद्ध केलं. हे अ‍ॅलनसाहेब आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहेत.

तर ठेंगू निघाला. पिवळी वाघीण जोडली, माघारी फिरला, माणसाच्या चालीने सांध्यावर आला आणि फट्कन थांबला. पुढचा दिवा विझला. बोटाने जरासा ढकलला की दिवा लागला, चार बोटं पुढे गेला, पुन्हा ठप्प. त्याला बाजूला घेतलं, तेवढ्यात त्याच सांध्यावरून एक्सप्रेस सुसाट निघून गेली, तिला काही झालं नाही. सांधा तोच, रूळ तेच, वीज तीच. मग ठेंगूनेच काय घोडं मारलंय?

या गुन्ह्याचा तपास करायचा, तर आधी ठेंगूला वीज कुठून मिळते ते बघू. दोन रुळांपैकी एक धन, दुसरा ऋण. मध्ये १२ व्होल्टच्या आसपासचा दाब. डाव्या चाकातून वीज आत शिरते, मोटारीतून फिरते आणि उजव्या चाकातून दुसऱ्या रुळात उतरते. एका बाजूची साखळी तुटली की मोटार मेली.

“पण आजोबा, लोकल तर वरच्या तारेतून वीज घेते!”

शाबास. ३ फेब्रुवारी १९२५ ला भारतातली पहिली विजेची गाडी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली, तेव्हा तिच्या तारेत १५०० व्होल्ट होते. आता त्याच तारांत २५,००० व्होल्ट असतात. पण तारेतून आलेली वीज परत जाते कुठून? चाकांतून आणि रुळांतूनच. म्हणजे चाक आणि रूळ यांची भेट लोकललाही चुकलेली नाही. फरक एवढाच की त्या भेटीत लोकलची कधी अडचण होत नाही, आणि ठेंगूची पावलोपावली होते.

ही भेट आपण समजतो त्यापेक्षा फार चिमुकली असते. चाक गुळगुळीत दिसतं, रूळ गुळगुळीत दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींवर डोंगर-दऱ्या दिसतात. एक किसणी उपडी करून दुसऱ्या किसणीवर ठेवली, तर दोघी फक्त दातांच्या टोकांना टेकतील, बाकी सगळी पोकळी. धातूंचंही तसंच होतं. स्वीडनचे राग्नार होल्म यांनी विजेच्या अशा स्पर्शांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिलं की दोन धातू एकमेकांवर टेकलेले दिसतात, तेव्हा वीज प्रत्यक्षात मोजक्या, अतिसूक्ष्म ठिपक्यांतूनच वाहते. जितका दाब जास्त, तितके ठिपके जास्त आणि रुंद. दाब कमी झाला, की ठिपके थोडे आणि बारीक.

आणि इथे तो ८७ चा जादूगार पुढे येतो. खऱ्या इंजिनाची लांबी, रुंदी, उंची ८७ ने भागली की ठेंगू तयार, असं कारागीर म्हणेल. निसर्गाचा हिशेब मात्र वेगळा चालतो. १६३८ साली हॉलंडमधल्या लायडन गावी गॅलिलिओचं एक पुस्तक छापलं गेलं. त्यात त्याने या हिशेबाची गंमत मांडली होती. वस्तू लहान केली की तिच्या सगळ्याच गोष्टी सारख्या प्रमाणात घटत नाहीत. लांबी ८७ पट घटते. पृष्ठभाग ८७ गुणिले ८७, म्हणजे ७५६९ पट घटतो. आणि वजन? ते ८७ तीनदा गुणून येईल तितक्या पटीने घटतं. ६,५८,५०३ पट! ६० टनांचं इंजिन आणा आणि हा भागाकार करा. उत्तर येतं ९१ ग्रॅम. म्हणून छोटी इंजिनं बनवणारे लोक त्यांच्या पोटात शिशाचे नाहीतर इतर जड धातूचे तुकडे भरतात. पण बुटक्या इंजिनात आधीच मोटार कोंबलेली असते, वजन घालायला जागा उरते कुठे?

आता बघा काय होतं ते. वजन तीनदा भागलं, पण चाक टेकण्याची जागा दोनदाच भागली. म्हणून रुळावर पडणारा दाब ८७ पट कमी. खऱ्या इंजिनाखाली पाला, धुळीचा कण, गंजाचा पापुद्रा आला तर त्याचा चुरा होतो. ठेंगू त्या कणावर चढतो आणि बसून राहतो.

ही झाली पहिली ८७. दुसरी त्याहून गमतीची आहे. खरं इंजिन ताशी २० किलोमीटरने चाललंय आणि ड्रायव्हरने जोर काढून घेतला, असं समजा. सपाट रुळावर ते नुसतं घरंगळत पाऊण किलोमीटर जाऊ शकतं. ठेंगूच्या दुनियेत पाऊण किलोमीटर म्हणजे साडेआठ मीटर, आपल्या दिवाणखान्याच्या या टोकापासून गॅलरीपर्यंत. पण ठेंगूचा वेगही ८७ पट कमी, आणि घरंगळण्याचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतं. वेग निम्मा केला तर अंतर पाव होतं. म्हणून ७५० मीटरला ८७ ने नाही, ७५६९ ने भागायचं. किती आले? दहा सेंटिमीटर! साडेआठ मीटर जायला हवं होतं, तिथे तो वीतभरही जात नाही.

आणि हे दहा सेंटिमीटरसुद्धा कागदावरचे. ठेंगूच्या पोटात मोटारीच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि ते दातेरी चाक फिरवतात. याला वर्म गिअर म्हणतात. मोटार चाकाला फिरवू शकते, पण चाक मोटारीला फिरवू शकत नाही. वीज गेली की घरंगळणं नाहीच, जागच्या जागी उभा. काही इंजिनांत मोटारीच्या दांड्यावर पितळेचं जड चक्र बसवतात. वीज क्षणभर गेली तरी ते फिरत राहतं आणि गाडीला पुढे सरकवतं. एक्सप्रेसच्या लांब पोटात अशी दोन चक्रं सहज बसतात. ठेंगूच्या पोटात कसंबसं एक, तेही बटणाएवढं.

तिसरी ८७ मात्र सगळ्यांत खोडकर. इंजिन लहान झालं, रूळ लहान झाले, फलाटावरचा हमाल नि त्याची हातगाडी लहान झाली. धूळ लहान झाली का? नाही झाली! आपल्या डोक्यावरचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाडीचा. ठेंगूच्या नजरेने त्याला ८७ ने गुणा. रुळावर सहा मिलिमीटर जाडीचा दोरखंड आडवा पडलेला दिसेल. धुळीचा ०.१ मिलिमीटरचा कण म्हणजे जवळपास ९ मिलिमीटरचा खडा. आपण ज्याला स्वच्छ म्हणतो, ते ठेंगूच्या जगात खडी सांडलेलं यार्ड असतं. माणसाने सगळं आकसवलं, फक्त घाण मूळ मापातच ठेवली.

आता सांध्यावर काय घडलं ते कळेल. सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात, त्या जागेला रेल्वेवाले क्रॉसिंग म्हणतात. तिथे धन आणि ऋण रूळ भेटू पाहतात, भेटले तर शॉर्ट सर्किट. म्हणून कित्येक तयार सांध्यांत तेवढा भाग प्लास्टिकचा करतात. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा तो पट्टा विजेच्या दृष्टीने मेलेला. ठेंगूची पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून जेमतेम तीन सेंटिमीटरवर. पुढचं चाक मेलेल्या पट्ट्यावर गेलं की त्या बाजूची सगळी भिस्त मागच्या एका चाकावर. आणि नेमका त्याच चाकाखाली एक कण आला. झालं! एक्सप्रेसला मात्र बारा चाकं, लांब अंतरावर पसरलेली. दोन-चार आंधळी झाली तरी बाकीची सांभाळून घेतात. शिवाय ती वेगात असते, तिचं चक्र फिरत असतं. घाण तिच्याही वाटेत होती, तिने फक्त कळू दिली नाही.

म्हणून मी म्हणतो, रूळ स्वच्छ आहेत की नाही हे एक्सप्रेसला विचारू नका, ठेंगूला विचारा. हळू चालणाऱ्याला आणि अंगाने हलक्या असलेल्याला जमिनीची खरी अवस्था आधी कळते.

मग ही घाण येते कुठून? संशयित चार आहेत.

पहिला संशयित हवा. पंखा फिरतो, गालिचा झटकला जातो, अंगावरचे नि कपड्यांचे तंतू उडत असतात. ते रुळावर बसतात. दुसरा संशयित तेल. इंजिनाच्या दातेरी चाकांना आपण तेल देतो, थेंबभर जास्त झालं की ते चाकांवरून रुळांवर पसरतं, आणि तेलावर धूळ पक्की चिकटते. तिसरा संशयित…

“बोटं! बोटांचं तेल आणि घाम!”

आता कळलं ना सुरुवातीला का दटावलं ते? बोटाचा ठसा म्हणजे तेल, मीठ आणि पाणी. डोळ्याला दिसणारही नाही असा थर, पण होल्मसाहेबांचे ते ठिपके झाकायला तेवढा पुरतो. वाघिणींची चाकं प्लास्टिकची असतील तर हा सगळा चिकटा त्यांच्यावर थरावर थर बसतो आणि ती गावभर वाटत फिरतात. म्हणून हौशी लोक हळूहळू सगळ्या वाघिणींना धातूची चाकं बसवून घेतात.

चौथा संशयित सगळ्यांत हुशार, आणि तो बाहेरून येत नाही. दिवे मालवून ठेंगू चालवला तर चाकाखाली बारीक निळसर ठिणगी दिसते. बारा व्होल्टला ठिणगी? एवढ्याशा दाबाने हवेतून वीज उडी मारू शकत नाही. पण मोटारीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात आणि वेटोळ्याचा एक हट्ट असतो. त्यातून वाहणारी वीज अचानक तोडली की ते तिला थांबू देत नाही, क्षणभरासाठी दाब वाढवून तिला रेटत राहतं. चाक कणावर चढलं, शेवटचा ठिपका सुटायला आला, तिथला धातू क्षणात वितळला, त्याची वाफ झाली आणि त्या वाफेतून ठिणगी उडाली. तेल जळून काजळी झाली, धातूचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ऑक्साइड झालं. म्हणजे घाणीमुळे ठिणगी, आणि ठिणगीमुळे आणखी घाण! पांढरं फडकं रुळावरून फिरवलं की जी काळी रेघ उमटते, ती या चौघांनी मिळून केलेली कामगिरी असते.

रुळांचा धातूही यात महत्त्वाचा. जुन्या खेळगाड्यांचे रूळ पितळेचे असत. पितळ लवकर काळवंडतं आणि तो काळा थर वीज अडवतो. आता बहुतेक रूळ तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे असतात. ते चांदीसारखे दिसतात, सावकाश काळवंडतात, म्हणून पितळेपेक्षा कमी त्रास देतात. अजिबात देत नाहीत असं नाही.

खऱ्या रेल्वेलाही रुळांवरच्या थराची एका बाबतीत काळजी असते बरं का. १८७२ साली अमेरिकेतल्या विल्यम रॉबिन्सन यांनी ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. रुळांच्या एका तुकड्यात अगदी थोडी वीज सोडलेली असते. गाडी त्या तुकड्यावर आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रुळांना जोडतात, वीज तिथूनच परत फिरते, आणि सिग्नल लाल होतो. पण तो तुकडा बरेच दिवस वापरलाच नाही, त्यावर गंज चढला, आणि वरून हलकी गाडी आली, तर चाकांचा स्पर्श नीट होत नाही. गाडी उभी असूनही यंत्रणेला ती दिसत नाही! शरद ऋतूत ब्रिटनमध्ये झाडांची पानं रुळांवर चिरडून त्यांचा निसरडा थर बसतो. तो काढायला जोराच्या पाण्याचे फवारे मारत जाणाऱ्या खास गाड्या सोडाव्या लागतात. रूळ पुसणं हे काही फक्त पोरखेळातलं काम नाही.

आता ठेंगूला सोडवायचं कसं? आधी वीज बंद. मग जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं बोटाला गुंडाळा आणि सुकंच फिरवा. धूळ आणि तंतू निघतील. चिकटा काढायला द्रव लागतो. इथे हौशी मंडळींचे दोन पंथ आहेत. एक पंथ आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, म्हणजे इंजेक्शनआधी दंडाला थंडगार लावतात त्या जातीच्या स्पिरिटचा. दुसरा पंथ रॉकेलच्या कुळातल्या शुद्ध केलेल्या द्रवांचा. त्यांचं म्हणणं असं की काही द्रवांच्या रेणूंत धन आणि ऋण टोकं वेगळी असतात, काहींच्या नसतात. हा गुण मोजायचा एक आकडा आहे. पाण्याचा ८०, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा १८ ते २०, रॉकेलचा २ च्या आतबाहेर. आकडा लहान असलेला द्रव वापरला तर मागे उरणारा पातळ थर ठिणगीला कमी उत्तेजन देतो आणि रूळ जास्त दिवस चांगले राहतात, असा या पंथाचा अनुभव. दोन्ही द्रव पेट घेतात, म्हणून खिडकी उघडी ठेवून, फडकं नुसतं ओलसर करून, आणि माझ्या हाताने. तुम्ही फक्त बघायचं.

पॉलिश पेपरला मात्र हात लावायचा नाही. घासला की रूळ क्षणभर चकाकतो, पण त्यावर शेकडो ओरखडे पडतात. पुढच्या वेळी घाण त्या ओरखड्यांत जाऊन बसते आणि मग निघता निघत नाही. बारीक खोडरबरासारख्या ठोकळ्यांनी घासतात तेही क्वचित, अगदीच काळवंडलेल्या जागी.

पण बोगद्यात हात कसा जाणार? आणि रूळ खूप लांबलचक असतील तर? जर्मनीत हॅम्बुर्गला गेरिट आणि फ्रेडरिक ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ साली उघडलेलं ‘मिनियाटूर वुंडरलांड’ आहे. तिथे १५ किलोमीटरहून अधिक रूळ आणि हजाराहून अधिक गाड्या आहेत, आणि मापही आपल्या ठेंगूचंच. आपल्या पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं लघुरेल्वेंचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना गाड्या दाखवतंय. अशा ठिकाणी गेलात की गाड्या बघाच, पण एवढे रूळ पुसायचे कसे, याचाही विचार करा.

यावरचा एक देखणा उपाय केला आपल्या जॉन अ‍ॅलन यांनी. एका साध्या वाघिणीच्या पोटाखाली त्यांनी हार्डबोर्डचा लहानसा तुकडा बसवला, खरखरीत बाजू खाली. तुकड्याला वर दोन खिळे, आणि ते खिळे वाघिणीच्या तळाच्या भोकांत सैल अडकवलेले. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही. तुकडा स्वतःच्या वजनाने रुळावर टेकतो, चढ-उताराबरोबर वर-खाली होतो आणि वाटेत येईल ती घाण स्वतःवर घेतो. गाडी नेहमीसारखी धावते आणि धावता धावता झाडलोट होते. काळा झाला की तुकडा काढायचा, दुसऱ्या लाकडावर घासून साफ करायचा, परत लावायचा. मी आपल्या मालगाडीत अशी एक वाघीण कायमची जोडून ठेवली आहे.

शेवटचा उपाय तुमच्या कंपासपेटीत आहे. ६बी पेन्सिल! तिच्यातलं ग्राफाइट म्हणजे कार्बन, आणि तो वीज वाहून नेतो. त्याचे थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून तो वंगणाचंही काम करतो. साफ केलेल्या रुळाच्या आतल्या कडेवर पेन्सिलची हलकीशी रेघ ओढली की सूक्ष्म दऱ्यांत ग्राफाइट बसतं आणि ठिणग्या कमी होतात, असा पुष्कळांचा अनुभव आहे. जास्त ओढलीत तर चाकं जागीच फिरतील, चढावर गाडी चढणार नाही. आणि हे काही टेबलावरच्या लोकांचंच डोकं नाही. विजेच्या इंजिनाच्या डोक्यावरचा पेंटोग्राफ तारेला जिथे घासतो, तिथेही कार्बनच्याच पट्ट्या बसवतात. वीजही जाते आणि तारही कमी झिजते.

“आणि तरी ठेंगू अडला तर?”

तर त्याच्या पोटात एक कपॅसिटर बसवू. तो चिमूटभर वीज साठवून ठेवतो. १२ व्होल्टला १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ०.०७२ ज्यूल ऊर्जा मावते. ठेंगूच्या मोटारीला हळू चालताना सव्वा वॅट लागतात असं धरलं, तर ती ऊर्जा एका सेकंदाच्या सतराव्या भागात संपते. एवढ्याने काय होणार, असं वाटेल. पण माणसाच्या चालीने म्हणजे ताशी ५ किलोमीटरने चाललेला ठेंगू टेबलावर सेकंदाला १६ मिलिमीटर सरकतो. तेवढ्या वेळात तो एक मिलिमीटर पुढे गेला. धुळीचा कण होता ०.१ मिलिमीटरचा. गेला की नाही पलीकडे? सांध्यातला अख्खा मेलेला पट्टा ओलांडायचा तर याच्या दहा-पंधरापट मोठा कपॅसिटर लागेल, आणि तो ठेंगूच्या पोटात मावणार कसा हे पुन्हा ८७ लाच विचारावं लागेल.

चला, आता तुमचं काम. मोठ्यांनी पेन्सिलने जाड कागदावर दोन बोटं लांब, अर्धं बोट रुंद पट्टा गडद गिरवायचा. नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक एलईडी घ्यायचा. एलईडीचा लांब पाय बॅटरीच्या धन टोकाला, आखूड पाय पट्ट्याच्या एका टोकाला टेकवायचा, आणि बॅटरीच्या ऋण टोकाची तार पट्ट्यावर दुसऱ्या टोकापासून हळूहळू जवळ आणत यायचं. दिवा कधी उजळतो ते वहीत लिहायचं. पट्ट्याशिवाय एलईडी थेट बॅटरीला लावायचा नाही, जळेल.

धाकट्यांनी गणित करायचं. एचओपेक्षा लहान एक माप आहे, त्याला एन म्हणतात. त्यातल्या गाड्या १६० पट लहान असतात, रुळांमधलं अंतर फक्त नऊ मिलिमीटर. आपला केस त्या ड्रायव्हरला किती जाड दिसेल? साठ टनांच्या इंजिनाचं वजन किती ग्रॅम भरेल? आणि पाऊण किलोमीटर घरंगळणारं इंजिन तिथे किती सेंटिमीटर जाईल? तुम्ही माझ्याकडे वाढदिवसाला एन मापाचं शंटिंग इंजिन मागितलंय ना? आधी ही तिन्ही उत्तरं आणा, मग ते आणायचं की नाही हे तुम्हीच मला सांगा.